पेटी, गिटार आणि एकच मंडळी

आळेफाट्याला ज्यांनी कधी गाडी बदलली असेल त्यांना त्या चौकाचा स्वभाव ठाऊक आहे. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन महामार्ग तिथे एकमेकांना छेदतात. कांद्याचे ट्रक, एस.टी.च्या गाड्या आणि जीपांच्या त्या गर्दीत कोण कुठून आला आणि कुठे निघाला हे कळत नाही, आणि कळून घ्यावे असे कोणाला वाटतही नाही. गेल्या नाताळाच्या आधीचा एक रविवार आम्ही या परिसरातल्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीत घालवला. मंडळीचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण तिथे जे घडले ते महाराष्ट्रातल्या कितीतरी मंडळ्यांत घडत आहे. सगळी मिळून साठ-सत्तर माणसे. दोन वर्षे त्यांच्यात गाण्यावरून वाद चालला होता. वडीलधाऱ्यांना पेटी-तबल्यावर 'उपासना संगीता'तली पदे हवी होती. तरुणांना कीबोर्ड, गिटार आणि ड्रमवर नवी आराधनागीते हवी होती. शेवटी तोडगा निघाला तो असा : सकाळी नऊ वाजता जुन्यांची उपासना, संध्याकाळी सहा वाजता नव्यांची. "आता वाद मिटला," असे दोन्ही बाजूंनी आम्हांला समाधानाने सांगण्यात आले.

आम्ही दोन्ही उपासनांना बसलो. सकाळी पंचवीसेक माणसे होती. पेटी सुरात होती, चाली बिनचूक होत्या, पण बहुतेकांच्या माना पुस्तकात होत्या आणि गाणे संपल्यावर ते कोणाला भिडले आहे असे चेहऱ्यांवरून दिसत नव्हते. संध्याकाळी तिशीच्या आतली मुले-मुली होती. डोळे मिटलेले, हात उंचावलेले, काहींच्या डोळ्यांतून खरोखर पाणी वाहत होते. पण ध्वनिवर्धक इतका मोठा होता की ज्याच्या हाती माइक त्याखेरीज कोणाचाही आवाज ऐकू येत नव्हता. सकाळी आम्हांला उत्कटता सापडली नाही, संध्याकाळी शेजाऱ्याचा आवाज सापडला नाही.

दोन्ही वेळा हजर असलेली एकच व्यक्ती आम्हांला दिसली. ती एक वृद्ध बाई होती, अक्षरओळख नसलेली. सकाळी ती पायी आली होती, संध्याकाळी नातवाच्या मोटारसायकलवर. सकाळची पदे तिला तोंडपाठ होती. संध्याकाळचे गीत तिने पहिल्या आवर्तनात ऐकून घेतले आणि दुसऱ्या आवर्तनापासून म्हणू लागली. बाहेर पडताना आम्ही तिला विचारले, "आजी, कोणती उपासना बरी वाटली?" ती म्हणाली, "सकाळी पोरं दिसत न्हाईत, अन् सांजच्याला माझ्या वयाचं कुणी दिसत न्हाई." प्रश्न गाण्याचा होता, उत्तर माणसांचे आले. या लेखात आम्हांला जे म्हणायचे आहे ते त्या उत्तरात बरेचसे आले आहे. वाद मिटवण्यासाठी मंडळी वाटून घेणे हा तोडगा नव्हे. जे दुखणे बरे करायचे होते, त्यालाच त्यामुळे कायमचे घर मिळते.

वादाच्या दोन्ही बाजू एका गृहीतावर उभ्या आहेत. आपली रीत ही आपली, मूळची. दुसऱ्याची बाहेरून आलेली. हे गृहीत इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. त्यासाठी लांब जायला नको. आळेफाट्याहून फुटणारे चार रस्ते धरले तरी पुरे.

पूर्वेचा रस्ता अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला जातो. तिथे अमेरिकन मराठी मिशनने 1831 साली काम सुरू केले. आरंभीची मराठी ख्रिस्ती गीते पुष्कळदा इंग्रजी चालींवर बेतलेली होती. मराठी शब्दांतले ऱ्हस्व-दीर्घ त्या चालींत बसत नसत. शब्द ओढावे लागत, तोडावे लागत, आणि देवाचे गुणगान करताना भाषेची मात्र ओढाताण होई. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या ख्रिस्ती कीर्तनकारांनी आणि त्यांच्यामागून रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ही कोंडी फोडली. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी 1919 सालच्या मृत्यूपर्यंत अभंग, पदे आणि भजने मिळून शेकडो रचना केल्या. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. त्या तुकोबांच्या गुरुपरंपरेतल्या चैतन्यांची समाधी आळेफाट्याहून जवळच, ओतूरला आहे. आज ज्या पदांना 'जुने, शुद्ध, आपले' म्हणून वडीलधारी मंडळी कवटाळून बसली आहेत, ती त्यांच्या जन्मकाळी नवी होती, धाडसाची होती. जुना धर्म सोडून आलेल्या माणसाला अभंगाचा ठेका पुन्हा जुन्या वाटेने नेईल की काय, अशी धास्ती वाटणे तेव्हा स्वाभाविकच होते. टिळकांच्या काळी आजचे टिळकभक्त कोणत्या बाजूला बसले असते, हा प्रश्न त्यांनी स्वतःला एकदा विचारून पाहावा.

उत्तरेचा रस्ता नाशिकला जातो. नाशिकजवळच्या शरणपूरला चर्च मिशनरी सोसायटीने ख्रिस्ती वसाहत उभारली होती. गुलामांच्या व्यापारातून सोडवलेली आफ्रिकी मुले एकोणिसाव्या शतकात तिथे राहिली आणि शिकली. त्यांपैकी काही पुढे डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या प्रवासात त्याच्यासोबत होती. मराठी भूमीवरची ख्रिस्ती वस्ती ही अगदी आरंभापासून अशी सरमिसळ होती. 'आमच्या रक्तातले संगीत' अशी भाषा करणाऱ्यांना शरणपूरची आठवण असलेली बरी.

पश्चिमेचा रस्ता माळशेज घाट उतरून कल्याणला आणि पुढे वसईकडे नेतो. तिथली कॅथलिक परंपरा निराळी, पण प्रश्न तोच. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठी ओवीत लिहिलेले 'ख्रिस्तपुराण' 1616 साली गोव्यात रायतूरला छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ देवळांत मोठ्याने वाचला जाई, गायला जाई. म्हणजे 'देशी' वळणाची ख्रिस्ती उपासना टिळकांच्याही पावणेतीनशे वर्षे आधीची आहे. 1684 साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषा मोडून काढण्याचा हुकूम काढला, तरी हस्तलिखितांतून पुराण जिवंत राहिले. मिस्सा मात्र लॅटिनमध्येच होत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 च्या उपासनाविषयक दस्तऐवजात लोकभाषेला वाट मोकळी करून दिली आणि त्या त्या लोकांच्या संगीतपरंपरेला योग्य मान द्यावा असे सांगितले. स्टीफन्सने जे केले होते त्याला रोमची अधिकृत मान्यता मिळायला साडेतीनशे वर्षे लागली.

दक्षिणेचा रस्ता पुण्याला जातो, आणि पुण्यापलीकडे दौंडच्या वाटेवर केडगाव आहे. त्याच्याकडे आम्ही पुढे वळणार आहोत.

आता वाद्यांचे पाहू. सकाळच्या उपासनेतले एक गृहस्थ आम्हांला म्हणाले की गिटार परदेशी, पेटी आपली. पेटी आपली? हार्मोनियम हे वाद्य एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसमध्ये घडले, युरोपियनांबरोबर हिंदुस्थानात आले आणि कलकत्त्यात त्याला हाताच्या भात्याचे, मांडी घालून वाजवण्याजोगे रूप मिळाले. 1940 साली ऑल इंडिया रेडिओने या वाद्याला परके आणि बेसूर ठरवून त्यावर बंदी घातली. ती तीस वर्षांहून अधिक काळ टिकली. आज मात्र दिंडीपासून देवळापर्यंत पेटीवाचून कोणाचे चालत नाही. परके वाद्य आपले होते ते वापराने, आणि वापरणाऱ्याच्या प्रेमाने. जिनिव्हात कॅल्विनच्या सुधारणेत ऑर्गन गप्प झाला आणि फक्त स्तोत्रसंहिता एकसुरात गायली जाऊ लागली. स्कॉटलंडच्या मंडळ्यांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ऑर्गनला वाव नव्हता. 1707 साली आयझॅक वॉट्सने स्वतःच्या शब्दांतली गीते छापली तेव्हा दाविदाची स्तोत्रे सोडून माणसाने रचलेले गाणे उपासनेत कसे चालेल, हा प्रश्न कित्येकांना गंभीरपणे पडला होता. आज ज्याला 'पारंपरिक' म्हणतात असे बहुतेक सारे कधीतरी कोणाला तरी खटकलेले असते.

परंतु इतिहासाचा एवढा दाखला देऊन हा वाद मिटेल, असे मानण्याइतके आम्ही भोळे नाही. माणसे इतिहास न कळल्यामुळे भांडत नाहीत. गाण्याच्या वादाखाली दुसरे काही दडलेले असते, आणि आपल्याकडे ते बहुधा जातीचे असते. हे कोणी मोठ्याने बोलत नाही म्हणून आम्ही बोलतो.

नगर-पुणे पट्ट्यातल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत मोठा भाग महार आणि मांग समाजांतून आलेल्या कुटुंबांचा आहे. गावगाड्यात हलगी, सनई, डफ वाजवणे हे यांतल्या काहींच्या वाट्याला आलेले काम होते. त्यात कला होती, पण निवड नव्हती. वाजवणाऱ्याला लग्नाच्या मांडवात मान नव्हता. आळेफाट्याच्या दक्षिणेला नारायणगाव आहे, तमाशाची पंढरी म्हणून ओळखले जाणारे. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांसारखी थोर कलावती त्या मातीतली. ज्या ढोलकीवर महाराष्ट्राने टाळ्या वाजवल्या, तीच ढोलकी वाजवणाऱ्याला गावाने वेशीबाहेर ठेवले. अशा घरातला एखादा आजोबा ख्रिस्ती झाला, शिकला, शिक्षक झाला, आणि त्याने मंडळीत ढोलकी नको, हलगी नको असे म्हटले, तर त्याला संकुचित ठरवण्याआधी तो काय विसरू पाहत होता ते समजून घ्यायला हवे. त्याच्या दृष्टीने पेटीवरचे शांत पद हे प्रतिष्ठेचे संगीत होते. त्याचा नातू गिटार उचलतो तेव्हा तोही तेच करत असतो. गावाने नेमून दिलेल्या आवाजापलीकडचा आवाज तो शोधत असतो. दोघांची धडपड एक आहे, आणि दोघांना एकमेकांची ओळख पटत नाही. आमच्या मते वादाचे मूळ इथे आहे. या मंडळीने दोन वर्षे चाली, ठेके आणि डेसिबल यांवर खल केला. आजोबांनी नातवाला हलगीची गोष्ट सांगितली असती, तर त्यातला निम्मा वेळ वाचला असता.

आळे गावात रेड्याची समाधी आहे. पैठणला ज्ञानदेवांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले तो रेडा आळंदीकडे जाताना इथे निवर्तला, अशी लोकश्रद्धा आहे. ही कथा चमत्काराची म्हणून सांगितली जाते. आम्हांला ती अधिकाराची वाटते. पवित्र शब्द कोणाच्या तोंडी शोभतो, हे ठरवणाऱ्यांना मिळालेले ते उत्तर होते. ख्रिस्ती मंडळीने त्या परिसरात राहून हीच गोष्ट विसरावी, हे काही बरे नाही.

आता केडगाव. उत्कट उपासना म्हणजे परदेशी टीव्हीवरून आलेले वेड, असे मानणाऱ्यांनी पुणे जिल्ह्याचाच इतिहास पाहावा. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 च्या जूनअखेर जे संजीवन झाले त्यात मुली रडत, मोठमोठ्याने एकाच वेळी प्रार्थना करत, तासन्‌तास उठत नसत. रमाबाई म्हणजे संस्कृतच्या पंडिता, कलकत्त्याच्या विद्वानांनी 'सरस्वती' म्हणून गौरवलेल्या. त्या काही भाबड्या नव्हत्या. या गोंगाटावर टीका झाली तरी त्यांनी तो बंद पाडला नाही. त्या मुली कोण होत्या? बालविधवा होत्या, 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांतून वाचवून आणलेल्या अनाथ होत्या. ज्या विधवेला मंगल प्रसंगी समोर येण्याची मुभा नाही, जिच्या हसण्या-गाण्यावर घराचा पहारा, तिला मोकळ्याने रडता येणे, ओरडता येणे हीच सुवार्ता होती. ते रडणे बेशिस्त होते असे म्हणायला आमची जीभ रेटत नाही. दावीद कोशापुढे नाचला तेव्हा शौलाची मुलगी मीखल खिडकीतून पाहत होती आणि तिने मनात त्याला तुच्छ मानले, ही गोष्ट पवित्र शास्त्रात सांगितली आहे. खिडकीतून पाहणाऱ्याला नाच नेहमी हास्यास्पदच दिसतो.

तरुणांना मात्र दुसरी बाजू ऐकवली पाहिजे. संत ऑगस्टीनने आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या भागात कबूल केले आहे की, जे गायले जाते त्याहून गाणेच आपल्याला अधिक हलवून जाते तेव्हा आपल्याला अपराधी वाटते. तरीही त्याने गाणे टाकून दिले नाही. ही बेचैनी निरोगी आहे. उत्कटता आणि आवाज या दोन गोष्टी आहेत. केडगावच्या मुलींकडे ध्वनिवर्धक नव्हता. जिथे व्यासपीठावरचे चार जण गातात आणि खालचे ऐकतात, तिथे कितीही अश्रू आले तरी तो कार्यक्रम होतो, उपासना होत नाही. आमोस संदेष्ट्याने तर देवाच्या वतीने सरळ बजावले होते की न्याय वाहत नसेल तर तुमच्या गाण्यांचा गोंगाट मला नको. ही ताकीद पेटीलाही लागू आहे आणि गिटारलाही.

आणि त्या आजीकडे पुन्हा वळू. तिला वाचता येत नाही. वडीलधाऱ्यांचे पुस्तक तिला बंद आहे, तरुणांचा पडदाही बंदच आहे. तरी ती दोन्हीकडे गाऊ शकली. टिळकांची पदे तिने भजनातून, एकाने म्हणायचे आणि इतरांनी मागून म्हणायचे या रीतीने उचलली होती. नव्या गीतात एकच ओळ आठ-दहा वेळा येते, म्हणून तेही तिला लगेच सापडले. वडीलधारी मंडळी नव्या गीतांच्या पुनरुक्तीला हसतात; पण आवर्तन हा भजनाचाच प्राण आहे, नामस्मरणाचाही आहे. तरुण जुन्या पदांना कोरडे म्हणतात. पण टिळकांच्या अभंगांतली व्याकुळता त्यांनी संथ ठेक्यामागे जाऊन कधी ऐकली आहे का? आमचे निरीक्षण असे की इंग्रजी चालीवरच्या जुन्या भाषांतरित गीतांपेक्षा आजची चांगली आराधनागीते अभंगाला अधिक जवळची आहेत. दोन्ही बाजू ज्याला परके समजतात ते त्यांच्याच घरातले आहे.

"मग दोन उपासना ठेवल्या तर बिघडले काय?" असे आम्हांला विचारले गेले. प्रश्न रास्त आहे. पुण्या-मुंबईत एकाच चर्चमध्ये मराठी आणि इंग्रजी उपासना वेगळ्या होतातच. पण भाषेसाठी वेगळे होणे आणि आवडीसाठी वेगळे होणे यांत अंतर आहे. भाषा कळत नसेल तर माणूस बाहेरच राहतो. आवड जुळत नसेल तर फक्त थोडे सोसावे लागते, आणि थोडे सोसणे यालाच मंडळी म्हणतात. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला सहा परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे सी.एन.आय. स्थापन झाली. बाप्तिस्मा बालपणी द्यावा की समजत्या वयात, बिशप असावा की नसावा, अशा मूलभूत प्रश्नांवर ज्यांचे एकमत नव्हते त्यांनी एका टेबलाशी बसून वाट काढली. आणि आज साठ-सत्तर माणसांना एका खोलीत एकमेकांची गाणी ऐकवत नाहीत! पौलाने कलस्सैकरांना लिहिताना स्तोत्रे, गीते आणि आध्यात्मिक गायने अशी तिन्ही नावे एका दमात घेतली, त्यांतले एक निवडायला सांगितले नाही.

'दोन जुनी, दोन नवी' असा हिशेबी तह आम्ही सुचवत नाही. त्यात प्रत्येक जण आपली दोन गाणी येईपर्यंत घड्याळ पाहत बसतो. वारकरी दिंडीत विणेकऱ्याने अभंग धरला की टाळकरी तो उचलतो. तो आपल्याला आवडता आहे की नाही, हे तो आधी ठरवत नाही. दुसऱ्याचे गाणे आपल्या गळ्यातून काढणे हीच तिथली साधना आहे. हे शिकायला मंडळीला फार खर्च नाही. तरुणांनी महिन्याला एक जुने पद मूळ चालीत, पुस्तक न पाहता वडीलधाऱ्यांकडून शिकावे. वडीलधाऱ्यांनी एक नवे गीत उभे राहून, हाताची घडी सोडून म्हणावे, आणि त्याचे मराठी कच्चे असेल तर ते हसण्याऐवजी दुरुस्त करून द्यावे. तो अधिकार त्यांच्याकडे आहे आणि तो वापरण्याची हीच जागा आहे. प्रत्येक उपासनेत एक तरी गाणे माइक बंद ठेवून व्हावे. ज्या गाण्यात मंडळीचा आवाज वाद्यांवर ऐकू येत नाही, ते गाणे कितीही गोड असले तरी घरी ऐकावे. आणि एखाद्या रविवारी एखाद्या आजोबांनी हलगीविषयी बोलावे. कोणी सांगावे, त्यानंतर मंडळी स्वतःहूनच हलगी मागेल. अपमानाची खूण म्हणून नव्हे, तर परत मिळालेली वस्तू म्हणून.

परतताना आळेफाट्याला आम्ही बराच वेळ पुण्याच्या गाडीची वाट पाहत उभे होतो. तेवढ्यात ती आजी आणि तिचा नातू मोटारसायकलवरून समोरून गेले. नातू संध्याकाळचेच गीत मोठ्याने म्हणत होता आणि आजी मागे बसून ओळ पुरी करत होती. मंडळीत दोन वर्षांत जे जमले नव्हते ते त्या एका गाडीवर सहज चालले होते. येत्या नाताळाला त्या मंडळीने आम्हांला पुन्हा बोलावले आहे. उपासना एक असेल की दोन, हे त्यांनी अजून ठरवलेले नाही. आम्ही जाणार आहोत, आणि एकच असेल अशी आशा धरून आहोत.